डावा हात वर

दक्षिण हुनान, चीन, २ मार्च १९९५

ति. नुआलाताईस,
ओर्लाचा सा. न. वि. वि. बोटं गारठली आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मी कोट घालून इंग्रजी शिकवते, पोरं कोट घालून शिकतात. शेजारच्या श्यूकाकू जिन्यात भेटल्या की माझी पँट चिमटीत धरून आत लोकरीची विजार आहे का बघतात आणि नसली तर सगळ्यांदेखत झापतात. काल म्हणाल्या, की सुट्टीत चांगली जाड झालीस गं, आता माणसात आलीस. मी आभार मानले. सहा महिन्यांपूर्वी रडत बसले असते.

आता मुद्द्याचं. माझं इथलं दुसरं वर्ष अजून ठरलेलं नाही. महिनाअखेर प्रांताच्या शिक्षणखात्याचे पाहुणे माझा एक तास बघायला येणार. तो पसंत पडला तर करार वाढेल, नाहीतर जुलैत गाशा गुंडाळायचा. आमचे विभागप्रमुख थान साहेब सज्जन माणूस. त्यांनी घरी बोलावलं, कमळकाकडीचं सूप वाढलं आणि मग हळूच म्हणाले, की बाई, पाहुण्यांसमोर फजिती नको, धडा वर्गाकडून तीन-चारदा बसवून घ्या. माझ्या आधीच्या कॅनडाच्या कॉलिननेही बसवला होता म्हणे. उरलेलं वर्गातल्याच वर्गप्रमुख मुलीने, पेंग यिंगने सांगितलं, अगदी सरळपणे. पाहुणे असले की प्रत्येक प्रश्नाला अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी फक्त उजव्या हातांना उठवायचं. पाहुणे खूश, आणि कुणाची लाज जात नाही.

मी थान साहेबांना सांगितलं, की तालीम होणार नाही. ही पंचेचाळीस मुलं दीड वर्षाने डोंगरातल्या शाळांत शिक्षक होऊन जाणार. तिथेही उजवेच हात उठवणार का? साहेब हसले. इथे असं हसले म्हणजे प्रकरण मिटलेलं नसतं, एवढं मला आता कळतं. पण मीही बाबांची मुलगी आहे. मी हटणार नाही.

गेल्या दोन पत्रांत तळाशी बाबांच्या ओळी नव्हत्या. वारा कुठला आणि बोटी मासेमारीला गेल्या की नाही हे वाचल्याशिवाय मला पत्र संपल्यासारखं वाटत नाही. त्यांना म्हणावं, आळस पुरे.

तुझा लोभ आहेच; तो इथल्या थर्मासातल्या पाण्यासारखा कढत राहू दे.
तुझी,
ओर्ला

डोनेगल, १८ मार्च १९९५

चि. ओर्लास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वाचून कपाळाला हात लावला. नाहीच म्हणायचं होतं तर त्या भल्या माणसाचं सूप कशाला प्यायलीस? काल इथे सेंट पॅट्रिकची मिरवणूक गारांच्या माऱ्यात निघाली. मोठा ढोल भिजून मऊ पडला तरी शेजारच्या जोने तो शेवटपर्यंत बडवला. एक आवाज निघेल तर शपथ. तुझी आठवण झाली.

चार लोक करतात तसं कर, नाहीतर सरळ घरी ये. गावच्या शाळेत सप्टेंबरपासून जागा रिकामी होतेय, मी हेडबाईंच्या कानावर घालून ठेवलं आहे. तू आता म्हणशील, की ताई, माझ्या आयुष्याचं मी बघेन. बघ की. पण त्या लोकांच्या देशात त्यांचीच रीत मोडायला तू कोण लागून गेलीस? साहेबांना तोंडघशी पाडून तुला काय मिळणार? मुलांनी हात वर केला, एवढं पुरे नाही का?

बाबा ठीक आहेत. चष्म्याची काडी मोडली म्हणून लिहिलं नाही. जेवतात, झोपतात, खिडकीत बसतात. काळजीचं काही नाही.

इथे तुझी खोली झाडून ठेवली आहे, एवढ्यावरून माझी माया ओळख.
ताई

दक्षिण हुनान, ६ एप्रिल १९९५

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तास झाला. बसून वाच.

मागच्या बाकांवर सात पाहुणे, झाकणाचे चहाचे पेले घेऊन. थान साहेब दारापाशी. पहिल्या प्रश्नाला पंचेचाळीस हात वर. तालीम मी घेतली नव्हती, पण पेंग यिंगने माझ्यामागे दुपारच्या झोपेच्या वेळात वर्गाला बसवून पक्की करून घेतली होती. बाईंना घरी पाठवतील म्हणून, असं ती नंतर म्हणाली. तिच्यावर रागवू तरी कशी? तिला मी इथे राहायला हवी होते, आणि तिला ठाऊक होती ती वाट तिने धरली. पुस्तकातल्या तीन प्रश्नांना मी गुमान उजवे हात उठवले. तिसरं उत्तर पाठ म्हटल्यासारखं ऐकलं आणि माझीच मला लाज वाटली.

मग पुस्तक मिटलं. विचारलं, की तुम्ही गावच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलांना काय सांगाल? हात पुन्हा सगळे वर, पण या खेपेला बहुतेक डावे. मी खिडकीजवळच्या च्युमेइचं नाव घेतलं; तिचाही डावाच. ही मुलगी मी आल्यापासून माझ्याशी चार शब्द बोललेली नाही. ती उठली आणि गप्प. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, जणू मी जिन्यावरून कुणाला ढकललं. थान साहेबांनी घड्याळ पाहिलं. तू असतीस तर तिचं वाक्य तूच पूर्ण केलं असतंस. तू आमची सगळ्यांचीच करतेस. मी हात मागे बांधून उभी राहिले. मलाही भीती वाटत होती गं. या पोरीची मान कायमची खाली घालायला लावली तर मी कुठे तोंड दाखवू?

दोन मिनिटं तरी गेली असतील. मग ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, की मी सांगेन, येत नसेल तर हात वर करा. मी थांबेन.

चार दिवस थान साहेब माझ्याशी बोलले नाहीत. श्यूकाकू मात्र माझ्या दाराशी गरम पाणी ठेवत राहिल्या. काल साहेब संत्र्यांची पिशवी घेऊन दारात. म्हणाले, की शेऱ्यात लिहिलंय, तासाला शिस्त नव्हती. पण पाहुण्यांतल्या मुख्य बाई स्वतः खेड्यात सोळा वर्षं शिकवून आलेल्या. त्यांनी त्या मुलीचं नाव लिहून नेलं आणि करार वाढवा म्हणून सांगितलं. जाताजाता साहेब म्हणाले, की पुढच्या वेळी कुठला हात उठवणार ते आधी सांगत चला, माझं रक्त आटतं हो.

करार टेबलावर आहे. वीस मेपर्यंत सही हवी. मला करायची आहे, ताई, फार करायची आहे. पण बाबांना विचारून कळव. आणि चष्म्याची काडी बसवायला तीन महिने लागत नाहीत. उत्तर येत नसताना तू पत्रात उजवा हात वर करतेयस असं मला वाटायला लागलं आहे.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
ओर्ला

डोनेगल, २५ एप्रिल १९९५

चि. ओर्लास,
आशीर्वाद. पकडलंस.

जानेवारीत बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पुष्कळसं गेलं, समजतं सगळं. तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं, त्यांना न विचारता. कळवलं असतं तर तू पहिल्या विमानाने आली असतीस आणि मग जन्मभर आम्हांला बोलून दाखवलं असतंस. तरी प्रत्येक पत्रात घरी ये म्हणून लिहीत होते, कारण मला एकटीला झेपत नाही. घे. हा माझा डावा हात.

तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चिनी मुलीपाशी आल्यावर त्यांनी खूण केली, पुन्हा वाच. तीनदा वाचून घेतलं. मग मी विचारलं, की ओर्लाला काय कळवू? त्यांनी डावा हात वर केला. दुसरा उठतच नाही, पण तो वर केला तेव्हा माझ्याकडे असे बघत होते, की मला समजलं, त्या मुलीसारखंच, थांब म्हणतायत. मी सवयीने म्हणणार होते, की हो ना बाबा, तिला घरी यायलाच सांगते. जिभेवर आलं होतं. तोंड मिटलं आणि खुर्ची ओढून बसले. चहा निवून गेला. इतके महिने मी त्यांच्या वतीने बोलत होते, ते काय म्हणतात हे एकदाही ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन्सिलीकडे बोट केलं.

जुलैच्या सुट्टीत दीड महिना ये. मला माणूस लागेल आणि तुला बाप भेटेल. पुढचं तिघं मिळून बघू. शाळेतल्या त्या जागेचं हेडबाईंना मी नाही म्हणून सांगून आले.

खालच्या ओळी त्यांच्या. डाव्या हाताच्या आहेत, लागायला वेळ लागेल. थांब जरा.

मायेत कमी-जास्त झालं असेल तर पदरात घे.
ताई

वारा पश्चिमेचा.
बोटी गेल्या.
सही कर.