अनूचा अर्धा तास

१८ नोव्हें. ९७, मंगळ.
अनूच्या शाळेत फोन. क्लार्क म्हणतो, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. सकाळी मीटिंग, जेवणाच्या वेळी मीटिंग, तीन वाजता परत मीटिंग. अरे बाबा, मी कंपनीच्या फोनबोर्डावर बसून दिवसभर हेच सांगते. साहेब पलीकडे पाय पसरून पेपर वाचत असतात आणि मी गोड आवाजात 'मीटिंग' म्हणते. मला कोण शिकवणार?

मागणं काय, तर अनू यंदा एस.एस.एल.सी.ला, म्हणजे दहावीला. जन्मापासून जेमतेम दिसतं. फळा दिसत नाही, पुस्तक नाकाला टेकवून वाचते. परीक्षेला लेखनिक द्या. ती सांगेल, खालच्या वर्गातली मुलगी लिहील. शेजारच्या पद्माक्कांची शैला नववीत आहे, तयारही आहे. ९५ चा अपंगांचा कायदा आहे, मी काही भीक मागत नाही. शाळेने अर्ज फक्त खात्याकडे पाठवायचा. त्याला इतके दिवस?

हे म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे जरा जुळवून घ्या. घरात मराठी सात पिढ्यांची, पण अडचण आली की ह्यांचं कन्नड. अ‍ॅडजस्ट करूनच तर इथवर आलो.

२४ नोव्हें., सोम.
अर्धी रजा टाकून शाळेत गेले. हेडमिस भेटल्या एकदाच्या. फार गोड बोलल्या. कॉफी मागवली. इथेच माझं डोकं सावध झालं. तक्रार घेऊन आलेल्या बाईला कुणी उगाच कॉफी पाजत नाही.

म्हणे, "अनुराधा खूप हुशार आहे हो. आपण बघू काय करता येईल ते."
अर्ज पाठवला का, विचारलं.
"बघू या."
परत विचारलं.
"तुम्ही काळजी करू नका, सुमित्राबाई."

हो पण नाही, नाही पण नाही. आवाज खाली गेला आणि शेवटचा शब्द गिळला. बोर्डावर असा आवाज आला की मी ओळखते, हा माणूस काहीतरी लपवतोय.

मला वाटतं, शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के, गेटावर बोर्ड लावतात. अनूला बाहेरून बसवायचा डाव असणार. म्हणजे नापास झाली तर त्यांच्या माथी नको.

३ डिसें., बुध.
आज अपंग दिन म्हणून शाळेत समारंभ. अनूला स्टेजवर बोलावून गुलाब दिला. पाहुण्यांनी गालाला हात लावला आणि म्हणाले, ही देवाची लाडकी मुलं. टाळ्या. अनूने गुलाब घेतला आणि उतरताना पायरी चुकली. कुणी पायरीला पांढरा पट्टा मारायची तसदी घेतली नाही. फोटोला मात्र दोन फोटोग्राफर.

गुलाब मिळाला. अर्ज कुठे आहे?

घरी आल्यावर अनू म्हणाली, "आई, तू सगळ्यांकडे अशी काय बघत होतीस?" कशी म्हटलं. "चोर शोधल्यासारखी." सोळा वर्षांची होत नाही तोच जीभ आली आहे. नाकापलीकडचं दिसत नाही म्हणतात, पण माझं तोंड बरोबर दिसतं.

१२ डिसें., शुक्र.
बस बदलायला इथल्या शिवाजीनगरला उतरले ती दुकानांत शिरले. भिंगं बघितली. एक मोठं, दांडीचं घेतलं. जाड स्केचपेनंही. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी अक्का, आजोबांसाठी?" मी पैसे मोजून दिले.

ऑफिसात वाया गेलेले मोठे कागद असतात, एका बाजूने कोरे. ते मी आणते. अनू खिडकीपाशी बसून त्यावर गणितं सोडवते, आकडा केवढा तर लिंबाएवढा. एका पानावर जेमतेम एक उदाहरण बसतं. सोडवताना गुणगुणते. आमच्या घराण्यात गणिताने कुणी गुणगुणल्याचं ऐकलं नाही.

तिला पुढे कॉमर्सला जायचंय, गणितासकट. मग सी.ए. तिने ठरवलंय, मी नाही.

५ जाने. ९८, सोम.
सुट्टी संपली. शाळेत फोन. मीटिंग.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगूळही केला आणि इथल्या रीतीचं एळ्ळू-बेल्लाही, तीळ-गूळ-खोबऱ्याचं. आमच्यात दोन्ही. दुपारी दारात कोण तर हेडमिस. ताटात तीळ-गूळ-खोबरं, साखरेची बाहुली, उसाचा तुकडा. जे. पी. नगरातच राहतात म्हणे, आमच्यापासून दोन क्रॉस, म्हणजे दोनच गल्ल्या पलीकडे. इतकी वर्षं पाय लागले नाहीत ते आज लागले.

हे तर हुरळले. "किती साधी बाई." कसली साधी. मागच्या पायऱ्यांवर अनूला घेऊन बसली. मी कॉफी करत होते तर दोघींची कुजबुज. मी गेले तशा गप्प. अनूने चटकन उसाचा तुकडा तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको.

कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या पोरीला गोड बोलून 'बाहेरून बस' असं पटवत असणार. ताटातली साखरेची बाहुली मी खाल्ली नाही. ह्यांनी खाल्ली.

१९ जाने., सोम.
झालं. पद्माक्का येऊन सांगून गेल्या, शैला लेखनिक होणार नाही. का? नजर जमिनीकडे. "तिचाही अभ्यास आहे ना बाई." अहो, नववीची परीक्षा एप्रिलमध्ये. मग म्हणाल्या, "अनूलाच विचारा ना." आणि गेल्या.

हेडमिसने दम दिला असणार. शैलाही त्याच शाळेत. एकेकाला फोडतेय. ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता "सरी, बघू". सरी म्हणजे बरं. हेसुद्धा? इतकी वर्षं संसार केला, ह्यांचं 'सरी' मला कळतं. हे 'मला माहीत आहे पण बोलणार नाही' वालं 'सरी' होतं.

घरात मी एकटी पडले आहे. चक्क रडले स्वयंपाकघरात.

२२ जाने., गुरु.
आज जे केलं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

जेवणाच्या सुट्टीत बोर्ड माझ्या एकटीच्या ताब्यात होता. शाळेला फोन लावला. आवाज बदलला, नाकातून, सरकारी. अस्सल कन्नडमधून, "शिक्षण खात्यातून बोलतेय. हेडमिसना द्या." मीटिंग नव्हती. लगेच आल्या लाईनवर.

म्हटलं, तुमच्या त्या कमी दिसणाऱ्या मुलीच्या लेखनिकाचा अर्ज आलेला नाही. का?

आणि बाई काय बोलावी. म्हणाली, "मॅडम, मुलीलाच नकोय लेखनिक. नोव्हेंबरात माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. म्हणाली, मी माझ्या हाताने लिहीन, फक्त मोठ्या अक्षरांत पेपर द्या आणि अर्धा तास जास्त. मी तसं दोनदा कळवलं तुमच्याकडे, उत्तर नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. मुलीने शब्द घेतलाय, मीच सांगेन म्हणून."

 बोर्डावर दुसरा दिवा लागला, तो फोन मी घेतलाच नाही.

मग म्हणाली, "आई फार झगडते हो. घाबरलेली आहे. तिला कुणी दुखवू नये असं मला वाटतं. बघा ना मॅडम, लेखनिकाशिवाय वेळ देता येतो का?"

"बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. तोच शब्द माझ्या तोंडून.

 अनोळखी माणसाचं खोटं मी श्वासावरून पकडते. माझ्या घरात पोरगी दोन महिने गप्प बसली आणि मला ऐकू आलं नाही.

आता नवीनच किडा डोक्यात. हेडमिसने माझा आवाज ओळखला तर नसेल? ते 'दुखवू नये' वगैरे मलाच ऐकवलं असेल तर?

२५ जाने., रवि.
अनूला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं तर कुठून कळलं हे सांगावं लागेल. पण सकाळी ती खिडकीशी कागद पसरून बसली होती, मी समोर भाजी निवडत. म्हटलं, "हे तोंडाने सांगून शैलाकडून लिहून घेशील तेव्हा कसं ग करशील?"

पेन थांबलं. 

"आई, तू ओरडणार नाहीस?"
नाही म्हटलं.
"तोंडाने सांगताना गणित पळून जातं. मला आकडा कागदावर दिसला की पुढचं सुचतं. शैलाबरोबर करून बघितलं. ती कंसात काय ते विसरली, मी पण विसरले. दोघी रडलो." मग, "तू सगळ्यांशी भांडत होतीस माझ्यासाठी. मध्ये कशी सांगू की मला ते नकोच आहे?"

मी ओरडले नाही. मेथीची पानं सोडून काड्याच टोपलीत टाकत होते, एवढंच. ह्यांना माहीत होतं. अनूने आधी बापाला सांगितलं. 

मग तिला म्हटलं, बरं, अर्धा तास तर अर्धा तास. आता त्याच्यासाठी भांडते.

६ फेब्रु., शुक्र.
शिक्षण खात्याच्या ऑफिसात. मोठ्या विश्वासाने कायद्याची झेरॉक्स घेऊन गेले. साहेब चष्मेवाले, शांत. शांत माणसांची मला जास्त भीती.

म्हणाले, कायद्यात लेखनिक आहे. देतो, आजच देतो. आणि पुढे बोट ठेवून दाखवलं. आंधळ्या आणि कमी दिसणाऱ्या मुलांसाठी परीक्षेतून निव्वळ गणिती प्रश्न काढून टाकावेत, असं त्याच कागदावर छापलेलं आहे. "गणितच सोडा ना बाई. दुसरा विषय घ्या. कायदा तुमच्याच बाजूने आहे."

मी ते पान इतके महिने पिशवीत घालून फिरत होते, जोरजोरात लोकांना दाखवत होते. ती ओळ वाचली होती, पण आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही.

म्हटलं, तिला गणितच हवंय.
"मग लेखनिक घ्या."
तिला स्वतः लिहायचंय. फक्त वेळ द्या.
"लेखनिक नको म्हणजे ती इतरांसारखीच झाली. मग इतरांइतकाच वेळ. स्वतः लिहिणाऱ्याला जास्त वेळ, असं कुठे आहे, दाखवा."

दाखवू कुठून? कुणाच्या डोक्यात आलंच नसेल की जेमतेम दिसणाऱ्या मुलीला गणित आवडेल.

बाहेर येऊन बाकावर बसले. राग आला, खूप. ह्या वेळी कुणावर ते कळेना. त्याने नियम मोडला नव्हता, कॉफीही पाजली नव्हती.

२० फेब्रु., शुक्र.
शाळेत गेले. हेडमिसना म्हटलं, अनूने मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं का, बरं झालं." चेहरा सरळ. फोनबद्दल एक अक्षर नाही. मी निरखून बघत होते, पापणीही लवली नाही. एक तर माहीत नाही, नाही तर माझ्यापेक्षा पक्की आहे.

दोघींनी मिळून परत लिहिलं, खात्याला. त्या कन्नडमध्ये सांगत होत्या, मी एक शब्द बदलायला लावला. 'कृपा' खोडून 'हक्क'. त्या म्हणाल्या, "कृपा ठेवली तर काम लवकर होतं." मी म्हटलं, होऊ दे उशीर. मग घरी येताना वाटलं, मार्चची परीक्षा आहे, उशीर कसा होऊ दे? पण परत जाऊन शब्द बदलला नाही.

१६ मार्च, सोम.
उत्तर नाही. इलेक्शनमध्ये सगळे गुंतले होते म्हणे. आता इलेक्शन संपलं तरी 'साहेब बाहेर आहेत'. मीटिंगपेक्षा हे नवीन.

हेडमिसने स्वतःच्या खर्चाने मोठ्या अक्षरांच्या झेरॉक्सची व्यवस्था केली आहे, पेपरचं पाकीट फोडल्यावर सेंटरवर करणार. सेंटर दुसऱ्या शाळेत. तिथले सुपरिंटेंडेंट ऐकतील का, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं. "बघू या." तेच. आता मात्र त्या आवाजात मला खोटेपणा ऐकू आला नाही, का ऐकायचा नव्हता कुणास ठाऊक.

२४ मार्च, मंगळ.
पहिला पेपर, भाषेचा. घंटा झाली तसा पर्यवेक्षकाने अनूच्या हातातून कागद ओढला. शेवटचा निबंध अर्धा. गेटाबाहेर आली ती बोटांना शाई, डोळे लाल. म्हणाली, "ते म्हणाले, ऑर्डर दाखव."

मी आत घुसणार होते. ह्यांनी दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना ओरडून बोलताना ऐकलं, पण मला नाही, गेटवरच्या माणसाला. "मुलीला दिसत नाही आणि तुम्ही ऑर्डर विचारता?" रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मग स्वतःच घाबरून रिक्षा शोधायला गेले.

संध्याकाळी हेडमिसकडे गेलो दोघं. त्या म्हणाल्या, मी सुपरिंटेंडेंटशी बोलते, आज, त्यांच्या घरी जाऊन. कागद नसेल तर तोंडी. मी म्हटलं, तोंडी दिलेलं तोंडी काढूनही घेतात. "मग तुम्ही काय करायचं म्हणता?" 

२७ मार्च, शुक्र.
गेटासमोरच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. गणिताचा पेपर. पाडवा तोंडावर आलाय, समोरच्या टपरीवर कडुलिंबाचे डहाळे ठेवलेत. हे पलीकडे उभे, शर्टाची बाही चावतायत. हेडमिसही आल्या आहेत, कुणी बोलावलं नव्हतं. आत गेल्या, अजून बाहेर नाहीत. आत काय चाललंय देव जाणे. सुपरिंटेंडेंटना समजावतायत की अनूची समजूत काढून तिला घेऊन येतायत?

घंटा झाली.

मुलं बाहेर आली, लोंढाच. कुणी उत्तरं जुळवतंय, कुणी रडतंय. एकेक चेहरा बघितला. गर्दी ओसरली. रिक्षा गेल्या. अनू नाही.

वर्गाच्या मोठ्या खिडकीत ती दिसते की काय, म्हणून मान वर करून बघितलं. उन्हाने काच चकाकतेय, आतलं काही कळत नाही. दिलाय वाटतं वेळ. का कागद काढून घेतला आणि ती आत कोपऱ्यात बसून आहे? आणि दिलाच असेल तर घंटेनंतरचं लिहिलेलं मोजतील का? कुणी सही केली आहे का कशावर? खात्यातला तो शांत साहेब उद्या हा सगळा पेपरच रद्द करेल का?

गेटवाला आता कुलूप घेऊन आला. तोच मंगळवारचा. म्हणाला, "अम्मा, सगळी पोरं गेली. तुम्ही कुणाची वाट बघताय?"

म्हटलं, कुलूप लावू नका. माझी मुलगी अजून लिहितेय.