अकरा जणांचं आडनाव

गुरुजी, तुम्ही आम्हाला दिलेलं आडनाव जगात किती माणसांना आहे, ते आता फोनवर दिसतं. मागच्या जूनमध्ये मी ते पाहिलं. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आहे. मनातलं बोलणं कुठूनही कुठं जातं, धड पुरं होत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसले.

मी लातूरला असते. एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात, अ‍ॅडमिशनच्या खिडकीशी. दहावीचा निकाल लागला की या खिडकीसमोर जी रांग लागते ती बघून तुम्ही चष्मा पुसला असता. मुखेडहून, अहमदपूरहून, पार किनवटच्या जंगलातल्या गावांतून लेकरं येतात. बाप हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कमेमो धरून उभा, आई जरा मागं, आणि लेकरू फोनमध्ये. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं. मी मान वर न करता विचारते, आडनाव? नाव? वडिलांचं नाव? दिवसभर आडनावं माझ्या बोटांखालून जातात. काही आडनावं इतक्या वेळा येतात की हात आपोआप टाइप करतो आणि मी आपली दुसऱ्याच विचारात असते, संध्याकाळी भाजी कोणती करायची वगैरे. मागच्या जूनमध्ये एका मुलीनं तिचं आडनाव सांगितलं आणि माझा हात तसाच राहिला. ती म्हणाली, “मॅडम, स्पेलिंग सांगू का? कुणाला येत नाही.” मी म्हणाले, “नको. मला येतं.”

दुपारी रांग ओसरली तरी ती तिथंच बाकावर बसून होती. वडील अंथरूण-पांघरूण घेऊन मागून येणार होते, त्यांची वाट बघत. बोलकी पोर. तिनं मला फोन दाखवला. त्यात कुठलंही आडनाव घातलं की ते कुठून आलं, कुठल्या जिल्ह्यात किती लोक, सगळं येतं. आमच्या आडनावापुढं लिहिलं होतं की फार प्राचीन काळी या भागावर सत्ता असलेल्या सरदार घराण्याचं हे नाव. “मॅडम, आम्ही सरदार होतो म्हणं,” ती हसायला लागली. “आणि हे बघा, किती थोडे उरलेत आमचे लोक. वाघांसारखे.” मीपण हसले. हसता हसता मला एकदम तुमच्या शाळेचा वास आला. ओल्या पाटीचा आणि तुमच्या खोलीतल्या स्टोव्हचा.

सरदार. काय एकेक लिहितात. त्या आडनावाचा उगम मला पक्का माहीत आहे, गुरुजी. तो आमच्या दारातल्या बाजेवर झाला, सकाळच्या वेळी, आणि मी तिथं नाक पुसत उभी होते.

तुम्ही रजिस्टर काखेत मारून आमच्या वस्तीत आला होता. शाळा उघडायला दोन-तीन दिवस होते. आमच्या वस्तीतलं कुणी आपणहून लेकरू शाळेत आणून घालत नसे, म्हणून तुम्हीच दारोदार. जन्मतारीख तुम्ही विचारलीही नाही, सगळ्यांना एक जून. मग आडनावाचा रकाना आला. माझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आमाला कशाचं आडनाव गुरुजी? हाक मारली की जातोत. लिवा काय बी.” हाक मारली की जातोत हे खरंच होतं. गावात आम्हाला धंद्यावरून हाक मारायचे, आणि त्या हाकेतच आम्ही कुठं उभं राहायचं तेही सांगितलेलं असायचं. तुम्ही थोडा वेळ टाक नुसताच धरून बसलात. कोंबडी तुमच्या चपलेवरून चालत गेली. मग विचारलंत, “गाव कोणतं तुमचं?” आई हसली. “हेच की.” तुम्ही म्हणालात, “मग झालं,” आणि गावाच्या नावाला कर जोडून लिहून टाकलंत. त्या सकाळी वस्तीतल्या अकरा लेकरांना तुम्ही तेच आडनाव लिहिलंत. शेवटच्या पानावर, एकाखाली एक.

आठवडाभरानं वरच्या आळीतले एक जण शाळेत आले. आम्ही ओसरीत बाराखडी म्हणत होतो. ते बसलेही नाहीत. म्हणाले, “मास्तर, गावाचं नाव तुम्ही ह्यांना कसं काय लावलाव?” तुम्ही उठलात, रजिस्टर आणलंत, शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलंत, आणि तुमच्या त्या देगलूरकडच्या हळू आवाजात म्हणालात, “गाव ह्यांचंबी हाय का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हणा, मी आत्ता खोडतो.” आमची बाराखडी थांबलेली. भिंतीशी दोन-चार आया उभ्या. ते गृहस्थ पानाकडं बघत राहिले, मग धोतराचा सोगा सावरून निघून गेले. तुम्ही आमच्याकडं वळलात. “का थांबलाव? म्हणा.” मला वाटतं, तुम्हाला त्या दिवशी भीती वाटली होती. दुपारी खोलीत चुरमुऱ्यांचा सुशीला करताना तुम्ही ते भिजवले आणि फोडणी द्यायचीच विसरलात. आम्ही दारात उभं राहून तसेच गिळगिळीत चुरमुरे खाल्ले. मला अजून ते आवडतात. माझा नवरा मला त्यावरून चिडवतो.

आणि तुमची ती हजेरी. दुसऱ्या शाळांत नुसता नंबर पुकारायचे. तुम्ही पूर्ण नाव घ्यायचात, आडनावासकट, आणि पोरानं उभं राहून हजर म्हणायचं. एकदा मी पाटीवर नुसतंच माझं नाव लिहून आणलं तर तुम्ही पाटी परत दिलीत. “अर्धं नाव लिहिलंस. तू अर्धीच आलीस का शाळेला? बाकीची घरी बसलीय?” मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, पेन्सिल दिलीत. माझ्या आधीचं नाव माझ्या मैत्रिणीचं होतं. आम्ही एकाच पोत्यावर बसायचो. ती खणखणीत हजर म्हणायची. मी मात्र नेहमी उशीर करायची. तिचा आवाज माझ्या कानात वाजत असायचा, तो थांबला की मग मी. तुम्हाला दोनदा, तीनदा नाव घ्यावं लागायचं. तुम्ही थांबायचात.

नंतर भूकंप झाला. त्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही तिथंच होता. तुमच्या खोलीवर पत्रे होते म्हणून तुम्ही वाचलात. आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या. मला शेजाऱ्यांनी ओढून काढलं. आई आणि बाबा सापडले ते दुसऱ्या दिवशी. मला त्या दिवसांचं सगळं सलग आठवत नाही, गुरुजी. पाऊस आठवतो, बिस्किटांचे पुडे आठवतात, आणि सगळीकडं अनोळखी माणसं हळू आवाजात बोलतायत असं काहीतरी. स्वप्नातल्यासारखं, पण स्वप्नात इतका चिखल नसतो.

मामा किनवटहून आला. तो तिकडं जंगलखात्यात रोजानं होता. पत्र्यांची एक थप्पी लावून ठेवलेली होती, तिच्यामागं मला बसवलं, डोक्यावर पोतं दिलं आणि म्हणाला, “कुणी विचारलं तर नाव सांगू नको. यादीत नाव लागलं की पुण्या-मुंबईला नेतेत लेकरायला. मग मला तू घावणार न्हाईस.” मी मान हलवली.

आणि तेव्हाच तुम्ही आलात. अंगात नुसतं बनियन, डोळ्यांना चष्मा नाही. चष्म्याशिवाय तुम्हाला दोन हातांपलीकडं दिसत नव्हतं, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. रजिस्टर ढिगाखाली गेलं होतं. तुम्ही तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून हजेरी घ्यायला लागलात. तोंडपाठ. पूर्ण नावं, वर्गवार, रजिस्टरात होती त्याच क्रमानं. कुठून तरी हजर यायचं, कुठून तरी एखादी बाई नुसती रडायला लागायची, आणि तुम्ही बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचात. मग शेवटचं पान आलं. आमचे अकरा. चौघं बोलले. माझ्या मैत्रिणीचं नाव तुम्ही तीनदा घेतलंत. मग माझं. तीनदा घेतलंत, आणि थांबलात. मग चौथ्यांदा घेतलंत. मी पत्र्यामागं होते. तुमचे भिजलेले पाय मला दिसत होते. मी बोलले नाही. तुम्ही अंगठा पुढच्या पेरावर नेलात.

त्याच संध्याकाळी मामा मला घेऊन गेला. किनवटच्या आश्रमशाळेत त्यानं मला आपली मुलगी म्हणून घातलं, त्याच्या आडनावानं. पुढं लग्न झालं, नवऱ्याचं लागलं. ही दोन्ही आडनावं मी परवा त्या फोनमध्ये घालून बघितली. दोन्हींचे हजारोंनी लोक आहेत. एक मी कमी झाले तर कुणाला कळायचंसुद्धा नाही.

तर त्या मुलीचे वडील आले. खांद्यावर गादीची वळकटी, घामाघूम. मी ओळखलं, कारण डाव्या भुवईवरची खोक तुमच्या शाळेतल्या घंटेची आहे. तुमच्या चौघांतला एक. आता किल्लारीच्या स्टँडवर जीप चालवतो. मी त्याला हळूच त्याच्या घरच्या नावानं हाक मारली. त्यानं वळकटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. “आगं, तू तर गेलेली हाईस,” तो म्हणाला. “गुरुजीनं तुझं नाव घेतलं की. तू बोलली न्हाईस.” त्याची मुलगी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

मग त्यानं मला सांगितलं, आणि गुरुजी, ते ऐकल्यापासून मला स्वस्थ झोप नाही. नव्या गावात सिमेंटची शाळा झाली. दर जूनला पहिल्या दिवशी, नव्या लेकरांची हजेरी घ्यायच्या आधी, तुम्ही आमचे अकरा वाचायचात. पोरांना वाटायचं ही कसली नावं, असली मुलं तर वर्गात नाहीत. जे चौघं होते ते मोठे झाले, कामाधंद्याला लागले, तरी त्या सकाळी जमेल तो येऊन मागं भिंतीशी उभा राहायचा आणि हजर म्हणायचा. बाकीच्या नावांना तुम्ही एकदा पुकारून पुढं जायचात. माझ्या नावाला थांबायचात. तो म्हणाला, “आमी एकदा विचारलं, गुरुजी, हितंच का थांबताव. तर म्हणले, ती उशिराच बोलती.”

रिटायर होईपर्यंत तुम्ही थांबलात. नंतर देगलूरकडं गेलात आणि तिकडंच वारलात. मी तोवर लातूरला आलेले होते. एका एसटीच्या अंतरावर. मला वाटायचं, गुरुजींनी केव्हाच विसरून टाकलं असेल, शेकडो पोरं शिकवली त्यांनी. हा मी माझ्या सोयीचा विचार केला होता. मला माझा राग येतो, आणि खरं सांगते, थोडा तुमचाही येतो. कशाला इतकं लक्षात ठेवायचं एखाद्याला?

त्या दुपारी मी आणि त्यानं खिडकीमागं बसून आमच्या आडनावाची मोजणी केली. कुणाचं लग्न झालं, कुणाला किती लेकरं, कोण हैदराबादला मिस्त्रीकाम करतो, कुणाची सून बाळंत झाली. मुलगी फोन घेऊन शेजारी. आमची मोजणी फोनपेक्षा जास्त भरली. “म्हणजे हे चुकलेत,” ती खूश होऊन म्हणाली. मग मला म्हणाली, “मॅडम, तुम्हाला धरून का तुम्हाला सोडून?” तिच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून पाणी प्यायले आणि पुढचा फॉर्म घेतला.

त्या प्रश्नापायीच हे लिहितेय. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मला टाकायचं धैर्य झालं असतं का, कोण जाणे. घरी सगळ्यांना मी मामाचंच कारण सांगत आले. मामानं बजावलं होतं, मी लहान होते, घाबरले होते. वरतीसुद्धा मी तुम्हाला तेच सांगितलं. पण त्या वेळी मामा तिथं नव्हता, गुरुजी. तो ट्रकवाल्याशी बोलायला गेला होता. माझ्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता. मला बोलता आलं असतं. तोंडसुद्धा उघडलं होतं.

पण तिचा आवाज आला नव्हता. तिच्या आधी मी कधी हजर म्हटलेलं नाही. मी तिची वाट बघत होते.

आता या जूनला त्या मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मखाली मी माझं नाव लिहिलं, तिच्या इथल्या पालकाच्या जागी. पूर्ण लिहिलं, तुम्ही लिहिलं होतं तसं. लिहून झाल्यावर ऑफिसात कुणी नाही बघून, खूप उशिरा, हळू आवाजात म्हटलं. हजर.