फाट्यावरची पाटी

प्रिय दादा,

पाणथळीपर्यंतचा सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. काल दुपारी साहेबांनी स्वतः सांगितलं. नकाशा टेबलावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला. नऊ फूट रुंदी, दोन्ही बाजूंना कठडे, दर वीस पावलांवर दिवा. टोकाला, क्रौंचांची जोडी घरटं करते बरोबर तिथे, स्वच्छतागृह आणि उपाहारगृह. सोमवारी यंत्रं येतील आणि अंडी अजून फुटलेली नाहीत. मी म्हटलं, साहेब, दिवे लागले की ते पक्षी परत फिरकणार नाहीत. ते म्हणाले, बाई, पक्ष्यांना पंख आहेत, म्हाताऱ्या माणसांना नाहीत.  

तू निवृत्त झाल्यापासून तुझ्या जागी दुसरा वनरक्षक आलेला नाही. तिकीटखिडकी सांभाळून तुझी फेरीही मीच मारते. परवा कपाटात तुझे जुने अर्ज सापडले. वळणावर एक बाक आणि लांबून पाहायला एक मचाण, एवढीच मागणी, बारा वेळा. लोकांना बसायला जागा मिळाली तर ते पुढे चिखलात उतरणार नाहीत, हे तुझं म्हणणं. शेवटच्या अर्जात तू तीनदा ‘कृपया’ लिहिलंस, तेव्हा वहिनी म्हणाली होती, मला लग्नाचं विचारताना एकदाही म्हणाला नव्हता! तेव्हा बाकाला पैसे नव्हते. आता उपाहारगृहाला आहेत.

मग तू तुझा उपाय काढलास. अंडी घालायच्या दिवसांत लोक पाणथळीकडे वळू नयेत म्हणून फाट्यावरची पाटी उतरवायची, अवजारांच्या छपरीत ठेवायची, पिल्लं उडाली की पुन्हा ठोकायची. कागदावर कुठेच नोंद नाही. शिडी मी धरायचे आणि तू वरून ओरडायचास, अगं शिडी धर, गप्पा नंतर मार. या वर्षी शिडी धरायला कोणी नव्हतं. तरी मी पाटी काढली.

इथे हरवलेल्या त्या आजोबांची बातमी तू वाचलीस. फोनवर विचारलंस, पाटी होती ना गं? मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. दादा, आवाज नीट येत होता. ते आणि त्यांची बायको पाणथळ बघायला आले होते. फाट्यावर चुकून दरीच्या वाटेला लागले. आजीबाईंना दगडावर बसवून ते वाट शोधायला पुढे गेले आणि सकाळी खाली सापडले. अहवालात लिहिलंय, फाट्यावर पाटी कधीच नव्हती, सोयींचा अभाव. त्या एका ओळीवर हा सगळा रस्ता उभा आहे.

मंगळवारी आजीबाई आजोबांचा चष्मा आणि काठी न्यायला आल्या. म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो होतो. हे सारखं म्हणत होते, इथे झाडावर पाटी होती, मला पक्कं आठवतंय. मीच यांच्यावर वैतागले. म्हटलं, तुम्हाला हल्ली काही म्हणजे काही आठवत नाही. आमचं शेवटचं बोलणं ते. मी आजीबाईंना सही कुठे करायची ते दाखवलं. तेवढंच केलं मी.

आज सकाळी लेखी जबाब दिला. पाटी मी काढली, एकटीनं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, रस्त्याचा आदेश निघालाय, तो काही थांबत नाही. तुमची नोकरी तेवढी जाईल. जबाबात तुझं नाव नाही, पण मागच्या वर्षांचं विचारायला पुढच्या आठवड्यात चौकशीचा माणूस तुझ्याकडे येईल. सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून घाईनं हे पत्र लिहितेय. घेऊ नकोस. तुझ्या पेन्शनवर वहिनीचं औषध चालतं. मला काही माहीत नाही, एवढंच म्हण. खरं सांगायला निघालेली मी तुला खोटं बोलायला सांगतेय, याचं काय करायचं ते मलाही कळत नाही. उद्या अकराच्या सुमारास त्या आजीबाईंकडे जाणार आहे. तुमच्या मालकांना बरोबर आठवत होतं, एवढंच सांगायचंय. त्या मला आत घेतील असं वाटत नाही.

तुझीच,
धाकटी