ताण म्हणजे कातडीचा

४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खुशाली विचारतेस, तर ऐक. स्क्लेरोडर्माने कातडी आणखी आवळली आहे. वह्यांच्या बाइंडिंगला बसते, पण सुई बोटांत धरवत नाही. डोकंही ठणकतं. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, ताण फार वाढलाय. मला म्हणायचं होतं कातडीचा. त्यांनी विचारलं, घरी काही कुरबुर आहे का! रक्तदाब दीडशे निघाला, तर म्हणाले या वयात चालायचंच, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. तेव्हापासून तुझे भावोजी घरात मांजराच्या पावलांनी वावरतात. हसू येतं, पण गुंगी फार असते.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

७ जून

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही म्हणता, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, तिला उठवत नाही. माझं काही ऐकून न घेता फोन ठेवता. म्हणून हे पत्र शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. डोकं फिरलंय माझं, भाषा सांभाळून घ्या. ताईचा रक्तदाब कधी एकशे दहाच्या वर गेलेला नाही. निदान झालं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी आपल्या तिघांना बजावलं होतं की, या आजारात रक्तदाब अचानक चढला तर किडन्या जातात, त्याच दिवशी या. तुम्ही मान डोलावली होतीत! आणि आता झोपेच्या गोळ्या देता? तिला उठवा, गाडीत घाला, आत्ताच्या आत्ता.

रागावलात तरी लोभ ठेवा.
धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच निघालो. हॉस्पिटलात रक्तदाब दोनशेच्या पुढे, किडन्या जवळजवळ बंद. डॉक्टरबाईंनी लगेच कॅप्टोप्रिल नावाची रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि वाढवत नेली. किडनीचे आकडे आधी आणखी बिघडले. तेवढ्यात गल्लीतले डॉक्टर भेटायला आले, रिपोर्ट बघून म्हणाले, गोळीच बाधली, बंद करा. बाईंनी ठणकावलं, आकडे आधी बिघडले तरी किडन्या वाचवेल तर हीच गोळी, काही झालं तरी ती बंद करायची नाही. मग मीच त्या गृहस्थांना दार दाखवलं. एवढं करून डायलिसिस लागलंच. संताप आवरत नाही, अक्षर लावून घे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
भावोजी

२८ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डायलिसिसला जाते. किडन्या पुन्हा कामाला लागतीलही, पण महिने जातील आणि खात्री कुणी देत नाही. काल मुद्दाम गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, तुम्ही नीट सांगायला हवं होतं. माझं टाळकंच सरकलं! हात पुढे केला आणि म्हटलं, काढा चिमटा. कातडी चिमटीत येईना. मी म्हटलं, हा ताण. आणि हात लावून बघायला तुम्हाला आज सवड झाली. बाहेरचे पेशंट ऐकत होते. ऐकू देत.

घरी आल्यापासून जो तो समजावतो, रागावू नकोस, रक्तदाब वाढेल. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. राग माझा मी ठेवणार आहे.

लोभ तेवढा तू ठेव.
ताई