हेलनबाईंकडचा चहा

१४ मार्च, अप्पर हट (न्यूझीलंड)
परतीच्या विमानाला बरोबर तीन आठवडे. त्याआधी मृणालला अँड्र्यूशी लग्न करण्यास माझा होकार हवा आहे. मी तो अजून दिलेला नाही. मुलगा सुस्वभावी, वादच नाही. परंतु घर पाहिल्यावाचून मी मत देत नाही, आणि घर कळते ते चहावरून. (माझी लेक हॉस्पिटलच्या फार्मसीत मिलिग्रॅमची चूक होऊ देत नाही आणि घरी मगात टी-बॅग बुडवते!) उद्या अँड्र्यूच्या आईकडे, हेलनबाईंकडे, आफ्टरनून टी. बाई ऐंशीच्या पुढच्या.
"आई, परीक्षक होऊन नको हं येऊस."
उद्याची साडी इस्त्रीला घेतली.

१५ मार्च, सायं.
दोष काढण्याच्या तयारीने गेले होते. सापडला नाही.
इस्त्रीचा पांढरा टेबलक्लॉथ. तीन मजली स्टँड: खाली सँडविच, मध्ये स्कोन (छोटे गोडसर पाव), वर केक, खायचे याच क्रमाने. काकडीच्या चकत्या मीठ लावून, फडक्यात टिपून घेतलेल्या, म्हणून पाव कोरडा. प्रत्येक सँडविच एकाच मापाचे. चहा करण्यापूर्वी किटली गरम पाण्याने विसळून तापवली. छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. ही काळजी मी स्वतः कधी घेतली नाही. कप त्यांच्या आजीचे. उजेडात धरला तर पलीकडची बोटे दिसावीत इतके पातळ. बाईंचे हात कापतात, बशीत मात्र एक थेंब सांडला नाही. मी पाहतच राहिले.
मग त्यांनी स्कोन पुढे केला. सोबत त्यांच्याच झाडाच्या फिजोआचा, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळाचा, जॅम. मी रीतीप्रमाणे म्हटले, नको. बाई "राइट-ओ", म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या आणि थोड्या वेळाने स्टँड आत घेऊन गेल्या.
मी एक सँडविच खाल्ले होते. एकच.
गाडीत मृणाल हसून बेजार. "तुला खरंच नको होता?"
"पहिल्यांदा कोणी हो म्हणतं का?"
"इथे म्हणतात. नाहीतर तुझ्यासारखे उपाशी राहतात." मग सिग्नलला म्हणाली, "मीही स्थळांना नको म्हणत होते, आई. तू आग्रह करतच राहिलीस."
घरी येऊन दहीभात खाल्ला.

१७ मार्च
अकरा स्थळे. अकराही वेळा ती नको म्हणाली; मी तो संकोच समजले. तिची समजूत घालण्यात तर मी स्वतःला निष्णात मानत असे.
हेलनबाई मला ओळखतही नाहीत. तरी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला. तो न चाखलेला जॅम अजून आठवतो...

२२ मार्च
हेलनबाई आपल्याकडे. कोथिंबीर वडी, खोबऱ्याच्या वड्या, गवती चहा घालून चहा.
बाईंनी वडी चष्म्याजवळ धरली. "पट्टी लावून कापल्यात?"
"होय."
"मी सँडविच तशीच कापते. अँड्र्यू हसतो मला."
"मृणालही."
दुसरी वाढू लागले तर, "नको, थँक्स." डिश पुन्हा पुढे गेलीच होती. मृणाल माझ्याकडे पाहत होती. डिश खाली ठेवली. फार जड गेले.
पाच मिनिटांनी बाईंनी आपणहून हात लांबवला आणि दोन वड्या घेतल्या.

२ एप्रिल
परवा निघायचे. बॅगा भरून झाल्या. हेलनबाईंनी जॅमची बाटली पाठवली आहे. झाकणावर माझे नाव, अक्षर वळणदार, एकही चूक नाही.
मृणाल आताच वेलिंग्टनच्या गाडीने आली. दारातच, बूटही न काढता:
"आई, आज विचारू, अँड्र्यूचं?"
"विचार. एकदाच."
तोंड धुवायला गेली आहे. या खेपेस मी पहिल्यांदाच हो म्हणणार. किटली गरम पाण्याने विसळून ठेवली आहे.