चिंचेनं घासलेला दिवा

बाबा, तुमच्या हत्तीच्या दिव्याबद्दल सांगायचं आहे. सानगडीच्या बाजारात मोडवाल्याच्या पोत्यातून तुम्ही तो वाचवून आणला होता आणि नंतर कधी कुणाला घासू दिला नाही. पितळेची भांडी घडवणाऱ्या आपल्या गावात काळं पितळ म्हणजे घरच्या बाईची लाज. अजून दिसतं मला: आई चिंचेचा गोळा घेऊन उभी आहे, तुम्ही स्टुलावर चढून दिवा छातीशी धरला आहे. "हात नोको लावू. हा रंग चढाले पिढ्या जातेत." "मंग भाकर बी त्यालेच मांगा," आई म्हणते, आणि तुम्ही हसता.

या पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी घरात शिरलं आणि दिवा साखळीसकट खाली आला. चिखलातून काढला तेव्हा अंगाला भेग गेली होती, सोंड लोंबत होती. घराच्या विम्यात तुमच्या जुन्या वस्तू मी वेगळ्या लिहून घेतल्या होत्या. विम्याचा पाहणी करणारा माणूस फोनवर म्हणाला, आहे तसंच राहू द्या, फोटो काढायचे आहेत. मी ते आईला सांगितलं. तिनं त्यातलं 'फोटो' तेवढं ऐकलं. मी शहापूरहून परतलो तोवर दिवा ओसरीवर लखलखत होता.

"साहेब फोटो काढाले येऊन राहिले, अन् असा कारा दिवा दाखवाचा? मानसं काय म्हनतीन?"

पाहणीवाला भला माणूस होता. दिवा उलटसुलट करून म्हणाला, "दादा, हा जुना आहे असं लिहू कसं? मले तर कालच दुकानातून आणल्यासारखा दिसून राहिला. आणि ही सोंड पुरातच तुटली ना?" मी उत्तर देण्याआधी आई मागून बोलली, "माह्याच हातात आली जी. मळ निघतच नव्हता." त्यानं पेनाला टोपण लावलं. दावा नामंजूर झाला.

निदान सोंड तरी जोडावी म्हणून कारागीर शोधत फिरलो. तुमची रीत लक्षात होती: वस्तू पुढे ठेवायची, गप्प बसायचं, आणि समोरचा 'नवी करून देतो' म्हणाला की उचलून घरी यायचं. नागपुरातून तसाच उठलो. इथल्या भांड्यांच्या गल्लीतूनही उठलो. आंधळगावचा एक म्हातारा मात्र दिवा मांडीवर घेऊन भेगेवरून बोट फिरवत राहिला, 'नवी करून देतो' काही म्हणाला नाही. मला वाटलं, सापडला. मग तो म्हणाला, "सोंड जोडून देईन जी. पन सांभाळाचं ते त निंगून गेलं." तुम्ही ज्याच्याकडे दिवा दिला असता असा तो एकच, आणि त्याला त्यात राखण्यासारखं काही दिसलं नाही. दिवा तसाच परत आणला.

घासल्यावर हत्तीच्या पाठीवर कोरलेली झूल दिसली, बारीक फुलांची. तुमच्या काळ्या थराखाली ती तुम्हालाही दिसली नव्हती. आईला दाखवायला गेलो. तिची नजर आता गेल्यातच जमा आहे. तिनं फुलांवरून अंगठा फिरवला आणि खडबडीत लागलं तशी ओशाळून म्हणाली, "अजून मळ राहिला का रे, बाबू?"

मी हो म्हणालो; घासण्यात आपलं काही चुकलं असं तिला वाटायला नको. हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. चिंच मीच भिजत घातली आहे, बाबा.