जमिनीपासूनची उंची

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा डोळा आता ठीक आहे असं बाबांनी कळवलं. बरं वाटलं, आणि लगेच स्वार्थही सुचला. सोबत एक कागद आहे.

आमच्या केंद्रात नव्या माणसाने एका उपग्रहाचा वेग हाताने काढून सगळ्यांपुढे मांडायचा असतो. तो पटला तरच नोकरी कायम. माझी पाळी महिनाअखेरीस आहे. उपग्रह पाचशे किलोमीटर उंचीवर आहे. माझा वेग येतो सेकंदाला अठ्ठावीस किलोमीटर. आकडा खुपतो, पण चूक हाती लागत नाही. शेजारच्या टेबलावर विचारायला जीभ रेटत नाही. बाबांना विचारलं, तर म्हणाले, मी मनोरे उभारतो, ते जागचे हलले नाहीत म्हणजे झालं.

तुझ्या लोभाच्या भरवशावर,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गुणाकार, वर्गमूळ, सगळं बरोबर. पण अकराच्या वर वेग गेला की पाहुणा पृथ्वीला कायमचा रामराम ठोकतो. तुझा तर अठ्ठावीसने निघालाय.

तू बापाची लेक. मनोऱ्याखाली फीत धरून वाढलीस, म्हणून उंची जमिनीपासून मोजलीस. उपग्रहाला जमिनीशी देणंघेणं नाही. तो पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतो. अंतर तिथून धर. पुढचं मी मुद्दाम सोडवलेलं नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.
आत्या

३० मार्च

ती. आत्यास,
सा. न.

पाचशेत पृथ्वीची त्रिज्या मिळवली. वेग आला सात पूर्णांक सहा. काल मांडणी झाली. केंद्रातल्या संगणकाचा आकडाही तोच निघाला. प्रमुखांनी विचारलं, कुणाला दाखवलं होतंस? मी सांगितलं, आत्याला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. ते म्हणाले, प्रत्येकाला अशी आत्या कुठून आणायची.

नोकरी कायम झाली. बाबांनी चूक ऐकली आणि खूश झाले. म्हणाले, शेवटी माझ्यावर गेलीस.

आभार मानले तर रागावशील. म्हणून मानत नाही, मानले आहेत असं धर.
तुझीच,
भिंगरी

६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आभार खरं तर मी मानायचे. निवृत्त झाल्यापासून सगळे येतात, माझी तब्येत विचारतात, औषधं घेतलीस का विचारतात. गणित कुणी विचारलं नव्हतं. तुझा कागद आला त्या दिवशी चहा गार झाला आणि मला कळलंही नाही.

कायम झालीस, आनंद आहे. पण फार हुशार होऊ नकोस. अधूनमधून अडत जा.
आत्या